दुसरा संकेत : परळचे उंदीर, परक्या अँटीबॉडी आणि औषधाची किंमत

कल्याणहून मुरबाड ओलांडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे लागतं. भातलावणीच्या दिवसांत या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यात एक औषध हाताशी असावंच लागतं, ते म्हणजे सर्पदंशाची लस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाला उतारा म्हणून चालणारं हे औषध म्हणजे घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी, पाठ्यपुस्तकातली प्रतिपिंडं. परळच्या हाफकिन संस्थेने ही विद्या दशकानुदशकं सांभाळली. घोडे, विष आणि अँटीबॉडी शुद्ध करण्याचं कसब हे सगळं देशातच असल्यामुळे ही लस सरकारी दवाखान्यात फुकट टोचता येते. म्हणजे अँटीबॉडी ही वस्तू मुरबाड-शहापूरला नवी नाही. नवी आहे ती तिची एक धाकटी बहीण. ती घोड्यात नव्हे तर हॅमस्टरमध्ये आणि उंदरात जन्मली, विषावर नव्हे तर पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूवर बसली आणि सुरुवातीची कित्येक वर्षं औषध नव्हतीच, प्रयोगशाळेतलं निव्वळ एक हत्यार होती. या हत्यारांनी कॅन्सरच्या उपचाराची दिशा बदलली. हा इतिहास नेहमी कल्पनांचा आणि नोबेल पारितोषिकांचा म्हणून सांगितला जातो. माझं म्हणणं असं की तो मुख्यतः साधनांचा इतिहास आहे. साधन घडवण्याची विद्या ज्याच्या हाती, उपचाराची किंमत ठरवण्याची ताकदही शेवटी त्याच्याच हाती येते. महाराष्ट्रातल्या दोन-तीन प्रसंगांवरून हे चांगलं पडताळून पाहता येतं.

त्यातला पहिला प्रसंग परळचाच. १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, आणि तिथल्या प्रयोगशाळांची घडी वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, कामाला लागल्या. त्यांचा विषय होता उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवायला शिकल्या. परतल्यावर त्यांनी परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. हे केंद्र १९५२ साली स्थापन झालं होतं आणि त्याच्याच नावावरून आयसीआरसी म्हणून ओळखली जाणारी उंदरांची एक जातही संशोधनविश्वात रुजू झाली. उंदरांची शुद्ध जात राखणं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहावं. किमान वीस पिढ्या सख्ख्या भावा-बहिणींचंच मीलन करवायचं, प्रत्येक पिंजऱ्यावर आई-बापांचे क्रमांक लिहायचे, कोणत्या मादीला कितव्या विणीनंतर कुठे गाठ आली ते वहीत टिपायचं. उंदराची एक पिढी साधारण तीन महिन्यांची, म्हणजे हे काम निदान पाच वर्षं एकही नोंद न चुकवता चालवायचं. एवढं केल्यावर सगळे उंदीर वंशगुणांनी जवळजवळ सारखे होतात. मग एकाला औषध दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर फरक औषधामुळेच पडला असं छातीठोकपणे म्हणता येतं. रणदिवे यांनी हार्मोन्स, वंशगुण आणि विषाणू यांचा स्तनाच्या कॅन्सरशी असलेला संबंध तपासला तो अशाच उंदरांच्या जोरावर. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या त्या वर्षांत ॲनिमल हाउसवर पैसे खर्चणं ही चैन वाटावी असा काळ होता. पण आधी साधन, मग सिद्धान्त हा क्रम परळला तेव्हाच उमगला होता.

पुढच्या काळात जगात दुसरीकडे एक कोडं उभं राहत होतं. शरीरातल्या टी-पेशी परक्या रेणूला ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. मग त्या स्वतःच्याच शरीरावर का तुटून पडत नाहीत? पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोन यांनी १९७० साली एक तर्क मांडला : नुसती ओळख पुरेशी नसावी, पेशीला जागं करायला आणखी एक संकेत लागत असावा. १९७५ साली लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी हाच विचार टी-पेशींना लावला. ग्रामसभेत एकाने ठराव मांडला तरी अनुमोदक उभा राहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, तशी ही व्यवस्था. परक्या रेणूची ओळख हा पहिला संकेत, आणि ती ओळख करून देणाऱ्या पेशीने दिलेलं अनुमोदन हा दुसरा. या दुसऱ्या संकेतालाच शास्त्रज्ञ सहउत्तेजन म्हणू लागले. १९८७ साली मार्क जेंकिन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी उंदरांच्या पेशींवर एक साधा पण बिनतोड प्रयोग केला. ओळख करून देणाऱ्या पेशी त्यांनी रसायनाने जखडून टाकल्या. त्या रेणू दाखवू शकत होत्या, पण अनुमोदन देऊ शकत नव्हत्या. अशा पेशींना भेटलेल्या टी-पेशी जाग्या तर झाल्या नाहीतच, उलट सुन्न झाल्या. पुढे सगळी सामग्री नीट पुरवली तरी त्या हलेनात. दुसरा संकेत खरोखर असतो, हे त्यावरून कळलं. तो नेमका कोणत्या रेणूतून येतो, हे मात्र तर्काने सांगता येणार नव्हतं. पेशीच्या पृष्ठभागावर हजारो रेणू असतात, आणि त्यातला नेमका एक वेगळा काढून दाबून पाहायचा तर त्यासाठी हवी तेवढीच बारीक बोटं हवी होती.

ती बोटं घडवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी शोधली होती. एखाद्या प्राण्याला हवा तो पदार्थ टोचायचा, त्याच्या प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी काढायच्या आणि अमर असलेल्या कॅन्सरपेशींशी त्यांचा संयोग घडवायचा. जुळलेल्या पेशी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत इतक्या विरळ पेरायच्या, की एका खळग्यात शक्यतो एकच पेशी पडावी. मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, कुठल्या खळग्यात वसाहत धरतेय, आणि त्या खळग्यातल्या पाण्यात हवी ती अँटीबॉडी उतरली आहे का. शेकडो खळगे वाया जातात, एखादा लागतो. त्याला ताटलीतल्या जागेचा किंवा क्रमाचा आकडा मिळतो, आणि तो आकडाच पुढे नाव म्हणून चिकटतो. उंदराच्या टी-पेशींवरच्या सीडी२८ या रेणूवर बसणारी ३७.५१ ही अँटीबॉडी अशाच मार्गाने जेम्स ॲलिसन यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. ती हॅमस्टरमध्ये बनवावी लागली, कारण उंदीर स्वतःच्याच रेणूविरुद्ध सहसा अँटीबॉडी करत नाही, परका प्राणी करतो. १९९२ साली हार्डिंग, ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या संकेताबरोबर ही अँटीबॉडी सीडी२८वर बसली की उंदराच्या टी-पेशी जोमाने वाढतात, आणि जेंकिन्स-श्वार्ट्झ यांना दिसलेला सुन्नपणा टळतो. ज्या अनुमोदकाची बावीस वर्षं चर्चा चालली होती, त्याचा चेहरा एका हॅमस्टरच्या अँटीबॉडीने दाखवला. आजही टी-पेशींवर काम करणाऱ्या जगभरच्या असंख्य प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये हिची बारकी कुपी असते. ताटलीच्या तळाला पहिल्या संकेताची अँटीबॉडी लावून ठेवायची, वरून ही थेंबभर घालायची आणि दोन-तीन दिवसांनी पेशी किती वाढल्या ते मोजायचं, ही आता विद्यार्थ्याची पहिल्या वर्षाची उजळणी झाली आहे.

यानंतरचा इतिहास भराभर पुढे गेला, कारण रीत सापडली होती. सीडी२८चा भाऊ वाटणारा सीटीएलए-४ हा रेणू उत्तेजक समजावा की लगाम, यावर वाद होता. १९९५ साली तो रेणू नसलेले उंदीर तयार झाले. ते तीन-चार आठवड्यांत स्वतःच्याच टी-पेशींच्या हल्ल्याने मेले, आणि वाद मिटला. तो लगामच होता. १९९६ साली ॲलिसन यांच्या गटाने हा लगाम अडवणारी अँटीबॉडी उंदरांना टोचून त्यांच्या गाठी विरघळवून दाखवल्या. त्याच धर्तीचं माणसासाठीचं औषध २०११ साली मंजूर झालं. पीडी-१ हा दुसरा लगाम क्योटोत तासुकू होंजो यांच्याकडे १९९२ साली उंदराच्याच पेशींमध्ये सापडला होता. ॲलिसन आणि होंजो या दोघांना मिळून २०१८ सालचं नोबेल मिळालं. तिसरा धागा ४-१बीबी या रेणूचा. १९८९ साली उंदराच्या टी-पेशींत सापडलेला हा आणखी एक अनुमोदक. पुढे माणसाच्या टी-पेशीत कृत्रिम जनुक घालून तिला कॅन्सर ओळखायला लावण्याची कल्पना आली, तेव्हा कळलं की नुसतं ओळखणारं टोक लावून भागत नाही, पेशी लवकर थकते. त्या टोकामागे अनुमोदकाचा तुकडा जोडावा लागतो. २००४ साली डारियो कंपाना यांच्या गटाने ४-१बीबीचा तुकडा जोडला. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या कार-टी, म्हणजे अशा बदललेल्या टी-पेशींच्या, उपचारात तोच आहे. आणि ओळखणारं टोक कुठून आलं? एफएमसी६३ नावाच्या उंदराच्या अँटीबॉडीतून. ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये बी-पेशी या पांढऱ्या पेशींचं वर्गीकरण करण्यासाठी ती बनवली होती, औषधाची कल्पनाही तिच्यामागे नव्हती. कोलर आणि मिलस्टीन यांच्या तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यांच्या पेशी मागेल त्याला मिळत राहिल्या, म्हणूनच हे शक्य झालं. साधन मोकळं होतं तोवर विज्ञान मोकळं राहिलं. त्यावर चढलेली शेवटची पायरी, म्हणजे औषध, मात्र मोकळी राहिली नाही. २०१७ साली त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत ४,७५,००० डॉलर ठरली, म्हणजे तीन कोटी रुपयांहून जास्त.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. सीडी२८च्याच बाबतीत याची जबर किंमत मोजावी लागली. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ नावाची, सीडी२८ला पहिल्या संकेताशिवायच पेटवणारी अँटीबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतकी. दीड तासाच्या आत सहाही जणांना थंडी-ताप, उलट्या सुरू झाल्या, मग एकामागून एक अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण मृत्यूच्या दारातून. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये आणि उंदीरजातीय प्राण्यांमध्ये याच प्रकारची अँटीबॉडी दाह शमवणाऱ्या पेशी वाढवत होती, माणसात तिने उलट आग लावली. मग साधनांचा एवढा गौरव कशाला, असं विचारता येईल. उत्तर तेरा वर्षांनी मिळालं, तेही उंदरांकडूनच. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये रॉसहार्ट आणि सहकाऱ्यांनी शुद्ध जातीच्या उंदरांचे गर्भ रानटी उंदरिणींच्या पोटात वाढवले. जन्मलेल्या पिलांचे वंशगुण प्रयोगशाळेचे, पण आतड्यातले आणि त्वचेवरचे जंतू रानातले. सीडी२८ला पेटवणारी अँटीबॉडी या पिलांना दिल्यावर त्यांच्यात माणसासारखाच दाह भडकला. म्हणजे चूक उंदीर वापरण्यात नव्हती, उंदीर फार निर्जंतुक ठेवण्यात होती. भाताच्या कणगीत शिरणाऱ्या उंदराची प्रतिकारशक्ती अनेक जंतूंशी लढून मुरलेली असते, काचेच्या पेटीतल्या उंदराची कोरी राहते. साधन खोटं ठरलं म्हणून ते टाकून द्यायचं नसतं, अधिक खरं करायचं असतं. आणि ते अधिक खरं करण्याचं काम ज्यांना साधन हाताळता येतं त्यांनाच जमतं. विकत घेऊन वापरणाऱ्याला चूक कळते तीसुद्धा दुसऱ्याने छापल्यावर.

आता पवईकडे येऊ. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने कार-टीचं जनुक स्वतः बांधायला घेतलं. ४-१बीबीचा अनुमोदक तुकडा होताच, पण ओळखणारं टोक त्यांनी तसंच्या तसं उचललं नाही. उंदराच्या अँटीबॉडीचं टोक माणसाच्या शरीराला परकं वाटू शकतं, म्हणून त्यांनी ते माणसाच्या अँटीबॉडीसारखं बदलून घेतलं. या कामाची परीक्षा आधी ताटलीत आणि उंदरांत, मग खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये रुग्णांवर झाली. ज्या ॲक्ट्रेकमध्ये परळचं जुनं कर्करोग संशोधन केंद्र पुढे स्थलांतरित झालं, तेच हे. जून २०२१ मध्ये तिथे पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने उपचाराला सरकारी मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त छापलेल्या निष्कर्षांत तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये प्रतिसाद दिसला. गंभीर दुष्परिणामही नोंदले गेले, ते लपवलेले नाहीत. किंमत सांगितली गेली ती चाळीस लाख रुपयांच्या आसपास.

यावर दुसरा आक्षेप ठेवणीतला आहे : ही तर नक्कल, आणि चाळीस लाख म्हणजे स्वस्त कसं? नक्कल म्हणायची तर अमेरिकेतला उपचारही ॲडलेडच्या अँटीबॉडीची, टी-पेशीत कृत्रिम जनुक घालण्याच्या इस्रायलमधल्या कल्पनेची आणि उंदरात सापडलेल्या रेणूची नक्कलच ठरेल. या क्षेत्रात कुणीच कोऱ्या पाटीवर लिहिलेलं नाही. फरक पडतो तो स्वतः बांधता येण्याने. बांधता आलं म्हणून तीन कोटींवरून चाळीस लाखांवर येता आलं. ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे हे खरंच, पण जे स्वतः बनवता येतं तेच आणखी स्वस्त करता येतं. याचा अधिक ठळक पुरावा टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे. पीडी-१चा लगाम सोडवणारं निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसमध्ये आपल्याकडच्या अगदी थोड्या रुग्णांना परवडतं. विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या, म्हणजे मुख्यतः तंबाखूशी नातं असणाऱ्या, बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर प्रयोग केला. नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, अवघा २० मिलिग्रॅम डोस, दर तीन आठवड्यांनी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला. २०२२ साली निष्कर्ष आले : ही भर घातल्यावर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. औषध परदेशी कंपनीचंच होतं. पण किती द्यायचं, हा प्रश्न विचारण्याची बुद्धी आणि त्याचं उत्तर पडताळण्याची यंत्रणा परळची होती. अँटीबॉडी रेणूवर बसते कशी, किती काळ बसून राहते, हे समजणाऱ्यालाच कमी डोसचा विचार सुचतो. कंपनीला तो सुचण्याचं काही कारण नव्हतं.

तिसरा आक्षेप मुरबाड-शहापूरसारख्या भागातून यावा असा आहे, आणि तोच सर्वांत रास्त आहे. जिथे पोरांचं वजन भरत नाही, बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळत नाही, कॅन्सरचं निदान होईपर्यंत गाठ फुटलेली असते, तिथे उंदराच्या पेशींवरची अँटीबॉडी कुणाच्या काय कामाची? तो पैसा आधी दवाखान्यांना द्या. या प्रश्नाला कमल रणदिवे यांच्या आयुष्याचं उत्तर आहे. उंदरांच्या जाती राखण्यात आणि पेशी वाढवण्यात उमर घालवलेल्या या बाईंनी पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन या संस्थेत, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. कोकणकड्याच्या खालच्या अंगाला मुरबाड तालुका, वरच्या अंगाला अकोले. एकाच डोंगराच्या दोन बाजू आणि दोन्हीकडची पोरं सारखीच. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्याही त्या संस्थापकांपैकी होत्या, आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचं शिक्षण देण्याच्या कामात त्या उतरल्या. मोजण्याची, नोंदवण्याची आणि दोन गट तुलनेने तपासण्याची जी शिस्त ॲनिमल हाउसमध्ये लागते, तीच मुलांचं वजन आणि आहार तपासताना लागते. प्रयोगशाळा आणि दवाखाना यांत निवड करायला लावणं ही फसवी मांडणी आहे. सर्पदंशाच्या लशीने ते केव्हाच सिद्ध केलं आहे. ती प्रयोगशाळेतून आली नसती, तर टोकावड्याचा दवाखाना कितीही सुसज्ज असता तरी फुरसं चावलेल्या माणसाला देण्यासारखं त्यात काही नसतं. आणि ती आयातच करावी लागली असती तर फुकटही मिळाली नसती. शिवाय परदेशी सापांच्या विषावर घडवलेली लस आपल्या सापांवर धड चाललीही नसती.

तरीही एक गोष्ट या मांडणीच्या विरोधात जाते, आणि ती मान्यच करायला हवी. परळला साठ-सत्तर वर्षांपूर्वी उंदरांच्या जाती होत्या, पेशी वाढवण्याचं तंत्र होतं, निष्णात माणसं होती. पण दुसऱ्या संकेताचा आणि लगामांचा शोध मात्र बर्कली आणि क्योटोसारख्या ठिकाणी लागला. साधन हाती असणं पुरेसं नाही. साधनांची पुढची पिढी, म्हणजे १९७५ नंतरची अँटीबॉडी बनवण्याची कारागिरी, आपल्याकडे तितक्या जोमाने रुजली नाही. आजही आपल्या बहुतेक प्रयोगशाळा या कुप्या परदेशी कंपन्यांकडून मागवतात, त्या बर्फात येतात, कस्टममध्ये अडकल्या तर प्रयोग थांबतो. पवईने औषधाची शेवटची पायरी स्वतः चढून दाखवली, ती खालच्या पायऱ्या अजून भाड्याच्या असताना. म्हणून पुढचा सार्वजनिक पैसा नुसत्या तयार उपचारांवर खर्चून चालणार नाही. तो उंदरांच्या जाती राखणाऱ्या ॲनिमल हाउसवर, अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी साठवून मागेल त्या संशोधकाला देणाऱ्या सार्वजनिक पेढ्यांवर आणि शहाण्णव खळग्यांच्या ताटलीवर महिनोन्‌महिने डोळे लावून बसणाऱ्या तंत्रज्ञांच्या पगारावर खर्चावा लागेल. हा खर्च वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही आणि त्याचं लोकार्पणही होत नाही. पण तीन कोटींचे चाळीस लाख करता आले ते अशाच खर्चामुळे, आणि चाळीस लाखांचे चार लाख कधी झालेच तर तेही याच वाटेने होतील.